गच्चीवर कोणी राहत नाही

प्रति,
पर्यावरणातले धोके मोजणाऱ्या, त्यांच्या मर्यादा ठरवणाऱ्या आणि त्या मोजणीला पैसे मंजूर करणाऱ्या सर्व यंत्रणांना

स. न. वि. वि.

मी एकोणीस वर्षं फिल्टर तोलले. हवेतली धूळ जिच्यावर साठते ती पांढरी चकती, 37 मिलिमीटर व्यासाची. चिमट्यानं कडेला धरायची, तराजूच्या काचपेटीत ठेवायची आणि आकडा थांबेपर्यंत आपण हलायचं नाही. तो तराजू ग्रॅमचा दहा लाखावा भाग दाखवतो. दार उघडून कोणी आत आलं तरी आकडा नाचतो. वजन करायच्या आधी फिल्टर पूर्ण दिवसभर त्याच खोलीत, ठरलेल्या तापमानात आणि दमटपणात मुरू द्यावा लागतो, नाहीतर आपण धुळीऐवजी पाणी तोलून बसतो. हे सगळं अशासाठी सांगितलं, की पुढे मी जे लिहिणार आहे ते मोजमापाला कंटाळलेल्या माणसाचं नाही. मोजमापावर माझा जीव आहे.

मी जिथं काम करत होते तिथं गेल्या महिन्यात एक निर्णय झाला. माणसांच्या अंगावर पंप लावून त्यांच्या श्वासाजवळची हवा मोजण्याचं काम बंद. त्याचे पैसे गच्चीवरच्या आणखी काही केंद्रांकडे आणि चौकाचौकांत आकडे दाखवणाऱ्या फलकांकडे. कारणं तीन दिली: हे काम महाग पडतं, किचकट आहे, आणि त्यातून थोड्याच माणसांचं कळतं. तिन्ही खरी आहेत. तरीही निर्णय चुकीचा आहे, आणि तो फक्त एका कार्यालयाचा असता तर मी साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवून आले असते. पण जिथं जिथं या कामाची चार माणसं भेटतात तिथं हेच ऐकू येतं. म्हणून हे पत्र उघडं.

आधी मुळातली गोष्ट, कारण ती फलकावर कधीच येत नाही. हवेत घातक पदार्थ किती आहे हा एक प्रश्न. माणसाच्या अंगात तो किती गेला हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घनमीटरमागे इतके मायक्रोग्रॅम असं मिळतं. दुसऱ्यासाठी त्या हवेत माणूस किती वेळ होता, तिथं तो बसला होता की धापा टाकत काम करत होता, हेही धरावं लागतं. हिशेब साधा आहे. समजा, कोणी वीस तास 40 मायक्रोग्रॅमच्या हवेत राहिलं, तीन तास 600 च्या धुरात आणि एक तास 150 च्या रहदारीत. चोवीस तासांची सरासरी 115 च्या आसपास निघते. गच्चीवरचं यंत्र त्या दिवशी 40 दाखवेल, आणि त्याची काहीच चूक नसेल. या माणसाच्या वाट्याला आलेल्या धुळीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग त्या तीन तासांतला आहे, आणि त्या तीन तासांबद्दल तुमच्या फलकाला काही पत्ता नाही.

पंप म्हणजे काय ते अनेकांनी पाहिलेलं नसतं. जाडजूड पुस्तकाएवढा डबा, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला. त्यातून नळी खांद्यावरून पुढं येते आणि फिल्टरची डबी कॉलरला चिमट्यानं लावलेली असते, नाकापासून वीतभर अंतरात. मिनिटाला दोन लिटर हवा. चोवीस तासांत 2,880 लिटर, म्हणजे तीन घनमीटरही भरत नाही. हवेत 100 मायक्रोग्रॅम धूळ असेल तर दिवसअखेर फिल्टरवर पाव मिलिग्रॅमहून थोडंसंच जास्त साठतं. निघताना आणि परत आल्यावर प्रवाह तपासायचा; पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला की ते सॅम्पल बाद. सोबत एक कोरा फिल्टर न्यायचा, तसाच परत आणायचा आणि तोलायचा, म्हणजे आपल्याच हाताची घाण किती ते कळतं.

आणि माणसं? माणसं माणसांसारखी वागतात. एकानं रात्री पंपाची घरघर नको म्हणून तो उशीखाली ठेवला. एका आजीनं यंत्राला धूळ लागू नये म्हणून वरून पदर घेतला. आम्ही हसलो, सॅम्पल बाद केलं, पुन्हा गेलो. किचकट म्हणतात ते हे.

त्यात एक झाडूवाल्या ताई होत्या. पहाटे पाच ते नऊ रस्ता झाडायच्या, मग घरी येऊन चुलीपाशी बसायच्या. आमचं गच्चीवरचं केंद्र त्यांच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. झाडूच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी धूळ उठते ती गुडघ्यापासून डोक्यापर्यंत, आणि ओणवं होऊन झाडणाऱ्याचं नाक नेमकं त्याच पट्ट्यात असतं. चार मजले वर ती पोचते तोवर विरलेली असते. त्यांचा फिल्टर मी स्वतः उघडला. राखाडी नव्हता, मध्यभागी तपकिरी आणि कडेला काजळी. आकडा त्या दिवशीच्या केंद्राच्या आकड्याच्या चौपटीहून वर गेला. मी दोनदा तोलला, कोरा फिल्टर पुन्हा पाहिला, प्रवाहाची नोंद तपासली. सगळं बरोबर होतं.

पंप काढून घेताना त्यांनी विचारलं होतं, "माझं काय आलं ते सांगाल ना?" मी म्हटलं, महिन्याभरात कळवू. संमतीच्या कागदावरही तसं लिहिलेलं होतं आणि खाली सही माझी. कळवलं नाही. पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर दुसऱ्या कामाला गेले तेव्हा त्यांनी झाडू थांबवून पुन्हा तेच विचारलं. मी वर जाऊन सांगितलं. उत्तर आलं की व्यक्तीचे निकाल गोपनीय असतात, अहवालात सरासरी जाते. त्यांच्या छातीतली हवा त्यांच्यापासूनच गोपनीय! मी वाद घातला नाही. परत जाऊन म्हटलं, अजून तपासणी चालू आहे. ते खोटं होतं. या पत्रातली तक्रार तुमच्याविरुद्ध आहे तितकीच माझ्याविरुद्धही आहे, हे नमूद करून पुढे जाते.

तर तक्रारी.

पहिली जागेबद्दल. केंद्रं कुठं बसतात हे मी जवळून पाहिलं आहे. कट नसतो त्यात. वीज हवी, कुलूप हवं, जिना हवा, आणि इमारतीच्या मालकाची ना हरकत हवी. अमेरिकेच्या नियमांत हवा ओढणारं तोंड परिसराच्या मोजणीसाठी जमिनीपासून 2 ते 15 मीटर उंचीवर चालतं. शहराची एकूण हवा वर्षागणिक सुधारते की बिघडते हे पाहायला अशी जागा योग्यच आहे, आणि ती केंद्रं बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे: त्या आकड्यावरून खालच्या माणसाबद्दल निष्कर्ष काढायला. 1980 च्या दशकात अमेरिकेत बेन्झिनसारख्या बाष्पांच्या मोजणीसाठी शेकडो लोकांच्या अंगावर उपकरणं लावली गेली, तीही रासायनिक कारखान्यांच्या शेजारच्या वस्त्यांत. अनेक पदार्थांच्या बाबतीत लोकांच्या अंगावरचे आकडे बाहेरच्या हवेपेक्षा जास्त निघाले, कारण उगम घरात, गाडीत, सिगारेटच्या धुरात होता. धुराड्याकडे बोट दाखवणाऱ्यांना ते आवडलं नाही. धुराड्याच्या मालकांना फार आवडलं, तो भाग वेगळा. पण अंगावर मोजलं नसतं तर कळलंच नसतं.

कर्क स्मिथ या संशोधकानं 1981 मध्ये गुजरातमधल्या चार गावांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर पंप लावले. चुलीपुढच्या वेळात सगळ्या आकारांची धूळ मिळून सरासरी घनमीटरमागे 7 मिलिग्रॅमच्या आसपास निघाली, म्हणजे 7,000 मायक्रोग्रॅम. त्याआधी हवेचं प्रदूषण म्हणजे कारखाने आणि मोटारी, आणि ते मोजायचं शहरात, अशी समजूत होती. गावातली हवा स्वच्छ धरलेली, कारण तिथं यंत्रच नव्हतं.

आणि केवळ घरात मोजूनही भागत नाही. ग्वाटेमालामध्ये धुराडं असलेल्या चुली देऊन पाहिलं, तेव्हा स्वयंपाकघरातला कार्बन मोनॉक्साइड सुमारे 90 टक्क्यांनी उतरला. मुलांच्या अंगावरचा मात्र निम्म्याच्याच आसपास उतरला. धूर भिंतीबाहेर गेला, मूलही अंगणात गेलं. भिंतीवर यंत्र ठेवून थांबले असते तर 90 टक्के यश म्हणून टाळ्या पडल्या असत्या.

दुसरी तक्रार थोडक्यात: सरासरी. वर्षाची सरासरी धोरणाला लागते, मान्य. पण दम्याच्या मुलाला त्रास होतो तो एका संध्याकाळी. आवाजाचंही असंच. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे 85 डेसिबलमध्ये आठ तास जेवढं कानावर पडतं तेवढंच 88 मध्ये चार तासांत आणि 91 मध्ये दोन तासांत पडतं. दिवसभराच्या एका आकड्याशेजारी सर्वांत वाईट तास छापायला शाई किती लागते?

तिसरी तक्रार फाटकाबद्दल, आणि ही मला सर्वांत जास्त टोचते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये सूक्ष्म धुळीची, म्हणजे 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या कणांची, शिफारस आणखी खाली आणली: वर्षाची सरासरी घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम आणि चोवीस तासांची 15. आता कामाच्या जागेचा नियम पाहा. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याच्या यादीत, ज्या धुळीला वेगळी मर्यादा दिलेली नाही अशा धुळीच्या फुप्फुसात खोल जाणाऱ्या भागासाठी आठ तासांची मर्यादा 5 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 5,000 मायक्रोग्रॅम. दोन्ही मोजण्यांत कणांचा आकार अगदी तोच नाही, वेळही वेगळी, आणि धुळीधुळीत फरक असतो, हे मला कोणी शिकवायला नको. तरीसुद्धा एका बाजूला 15 आणि दुसऱ्या बाजूला 5,000 हे अंतर कणांच्या आकारानं भरून निघत नाही. त्या यादीतल्या बहुतेक मर्यादा 1971 मध्ये, 1968 च्या शिफारशींवरून उचललेल्या आहेत. फुप्फुस तेच, माणूस तोच. सकाळी फाटकातून आत गेला की तो एका खात्याचा आणि संध्याकाळी बाहेर आला की दुसऱ्या खात्याचा. आमच्या झाडूवाल्या ताईंचं तर आणखी अवघड. त्यांच्या कामाची जागाच रस्ता. कामगार खातं म्हणालं ही पर्यावरणाची बाब, पर्यावरणवाले म्हणाले ही कामगारांची. चूल तर कोणाच्याच यादीत नव्हती. तीन ठिकाणची धूळ एका छातीत जमते आणि ती बेरीज करायला एकही टेबल नाही.

चौथी तक्रार नमुना घेण्याच्या रीतीबद्दल. आकडा खोटा पाडायला तो बदलावा लागत नाही. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात एप्रिल 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन नव्या पाण्यात घातलं गेलं नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. नमुने गोळा करायच्या सूचनांत मात्र आदल्या रात्री नळ काही मिनिटं सोडून ठेवा असं होतं. पाइपात साचलेलं शिसं त्या पाण्याबरोबर वाहून जाणार आणि सकाळच्या बाटलीत बरं पाणी येणार! सप्टेंबर 2015 मध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे लोकांपुढे मांडले तेव्हा आधी त्यांच्यावरच शंका घेतली गेली. नंतर सरकारला मान्य करावं लागलं, आणि फेब्रुवारी 2016 मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेनं असा नळ सोडायला सांगू नका अशी सूचना काढली. बाटलीनं जे लपवलं ते मुलांच्या रक्तानं सांगितलं. प्रत्येक आकड्याबरोबर तो कुठं, किती उंचीवर, किती वाजता, कोणत्या रीतीनं घेतला हे छापा, असं आम्ही खालची माणसं का म्हणतो, ते यावरून कळावं.

हल्ली स्वस्त सेन्सरची एक नवी सोय झाली आहे आणि त्यावरून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो घरोघर लावा, दुसरा म्हणतो खेळणं आहे. ही उपकरणं प्रकाश कणांवर आपटून कसा विखुरतो ते पाहून वजनाचा अंदाज बांधतात. हवा फार दमट झाली की कण पाणी पिऊन फुगतात आणि धुक्याची सकाळ धुळीची सकाळ म्हणून नोंदली जाते. तरी मी त्यांच्या बाजूची आहे. अचूक यंत्राशेजारी काही आठवडे ठेवून दुरुस्ती काढता येते, आणि घरात कोणत्या तासाला आकडा उसळी मारतो एवढं तर ते न दुरुस्त करताही दाखवतात. अचूकता नाही म्हणून न मोजणं हे तुमचं कारण मला पटत नाही. तुमच्या अचूक यंत्रांनी मोजून तरी पुढं काय झालं?

तीच पाचवी तक्रार. मोजल्यावर होतं काय? आकडा वाढला की सल्ला निघतो: घराबाहेर पडू नका, खिडक्या लावा, मास्क वापरा, मुलांना खेळायला सोडू नका. कामाच्या जागी धोका कमी करायचा एक क्रम शिकवला जातो. आधी धोकादायक वस्तूच काढून टाका. जमत नसेल तर बदलून दुसरी आणा. तेही नसेल तर झाकण घाला, हवा ओढून घ्या. मग कामाच्या वेळा बदला. सर्वांत शेवटी माणसाच्या तोंडाला मास्क. सगळ्यात खालची पायरी सगळ्यात दुबळी, कारण ती प्रत्येक माणसानं, प्रत्येक मिनिटाला, न चुकता पाळावी लागते. तुमचे सल्ले त्या शेवटच्या पायरीवरच सुरू होतात आणि तिथंच संपतात. पहाटे पाचला झाडायला निघालेल्या बाईला घराबाहेर पडू नका हा संदेश फोनवर येतो. तिचा मुकादम तोच संदेश वाचून हजेरी घेतो.

शरीराजवळ मोजलं तर निर्णय कसा पालटतो याचा दाखला पेट्रोलमधल्या शिशाचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य तपासणीत 1976 ते 1980 या काळात लोकांच्या रक्तातलं शिसं मोजलं. चार वर्षांत सरासरी डेसिलिटरमागे 14.6 मायक्रोग्रॅमवरून 9.2 वर आली, साधारण 37 टक्के घट. पेट्रोलमध्ये वापरलं जाणारं शिसं त्याच काळात कमी होत गेलं होतं, आणि कागदावर दोन्ही रेषा जवळजवळ हातात हात घालून उतरत होत्या. 1982 च्या सुमारास तिथल्या सरकारात शिशावरचे निर्बंध सैल करायचा विचार चालू होता. हे आकडे पुढं आल्यावर वारं फिरलं आणि 1985 मध्ये नियम आणखी कडक झाले. रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसं घातलेलं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथं ते 2021 मध्ये थांबलं. कोणत्याही आईला यात मुलांना मास्क घालायला सांगावं लागलं नाही.

आता निकाल न सांगण्याबद्दल, कारण तुमचा खरा आक्षेप तिथं आहे हे मला ठाऊक आहे. लोक घाबरतील म्हणता. एका दिवसाच्या आकड्यावरून माणूस भलताच अर्थ काढेल म्हणता. यातलं दुसरं मला मान्य आहे. एकाच माणसाचे दोन दिवसांचे आकडे इतके वेगळे येतात की एका दिवसावरून त्याच्या आयुष्याबद्दल काही बोलणं धाडसाचं ठरतं. म्हणून पुन्हा मोजा, आणि आकड्यासोबत तेही सांगा. घाबरण्याचं म्हणाल तर बांगलादेशाकडे पाहा. 2000 ते 2003 या वर्षांत तिथं पन्नास लाखांच्या आसपास कूपनलिका आर्सेनिकसाठी तपासल्या गेल्या. मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या लाल रंगवल्या, कमी असलेल्या हिरव्या. ना अहवाल, ना सरासरी. पंपाच्या तोंडालाच निकाल फासलेला. सगळ्यांनी नाही, पण फार घरांनी लाल पंप सोडला आणि शेजारच्या हिरव्यावर हंडा नेला. घाबरले असतील. घाबरून चार पावलं जास्त चालले. त्यातही एक गोम होती: हिरवा म्हणजे लिटरमागे 50 मायक्रोग्रॅमच्या आत, तर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस 10 ची. म्हणजे हिरवा रंगही अर्धवटच खरं बोलत होता. तरी तो रंग ज्याचं पाणी त्याच्या दारात होता, कपाटात नव्हता.

मागण्या फार नाहीत.

अंगावरची मोजणी पुन्हा सुरू करा. लाखोंची नको. सर्वांत जास्त झळ लागणाऱ्या कामांतली आणि घरांतली थोडी माणसं निवडा, वेगवेगळ्या ऋतूंत, प्रत्येकाचे निदान काही दिवस. फलकांच्या यादीतून थोडे कमी केलेत तर पैसे तिथंच निघतील; फलकाखाली उभं राहून कोणाचा श्वास सुधारलेला मी पाहिलेला नाही.

ज्याचं मोजलं त्याला निकाल आधी द्या. अहवाल छापण्याच्या आधी, त्याला कळेल अशा भाषेत, माणूस समोर बसून. हा आकडा काय सांगतो, काय सांगत नाही, आणि पुढं कोण काय करणार आहे, एवढं. ज्याला नको असेल त्याला नको म्हणायची मोकळीक ठेवा. गोपनीयता ही त्या माणसासाठी असते, त्याच्याविरुद्ध नसते.

मोजणी सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवा, की आकडा इतक्याच्या वर गेला तर कोणतं खातं किती दिवसांत काय करील. आणि केल्यावर त्याच माणसांवर पुन्हा मोजा. दुसरी मोजणी नसेल तर पहिलीचा खर्च वाया गेला असं मी समजते. झाडण्यापूर्वी रस्त्यावर पाणी मारलं तर नाकाशी किती फरक पडतो, हे पाहायला एक पंप, दहा फिल्टर आणि एक आठवडा पुरे होता. मी दोनदा सुचवलं होतं.

कामाच्या जागेची मर्यादा आणि वस्तीची मर्यादा एका टेबलावर आणा. फरक ठेवायचाच असेल तर का ठेवला ते सही करून लिहा. घरातला धूर मोजायची जबाबदारी कोणाची, तेही त्याच कागदावर येऊ द्या.

आकडे मूळ नोंदींसह खुले करा: जागा, उंची, वेळ, रीत, कोऱ्या फिल्टरचं वजन, बाद केलेली सॅम्पलं आणि ती बाद का केली तेही. माणसांची नावं तेवढी वगळून.

आणि एक जुनं काम. ज्या कार्यालयात मी होते तिथं वजनाच्या खोलीबाहेर एक लोखंडी कपाट आहे. मधल्या फळीवर निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या आहेत, फिल्टरच्या क्रमांकासमोर माणसाचा क्रमांक लिहिलेल्या. क्रमांकांची नावांशी जोड असलेली वही त्याच फळीवर मागच्या बाजूला, एका पाकिटात आहे. मीच ठेवली. त्यांतल्या एकालाही त्याचा आकडा कळवलेला नाही. परवानगीचा एक कागद काढा. पत्रं लिहायला मी येईन आणि पोचवायलाही जाईन, मानधन नको. काही घरं बदलली असतील, दोन-तीन माणसं आता नाहीत असंही ऐकलं आहे. ताईंचा रस्ता मला माहीत आहे. नऊच्या आत गेलं की त्या भेटतात.

आपली,
निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक